घाटात झुकणारी पोलो आणि एक लाख चाळीस हजारांचा प्रश्न

पत्रलेखक पुण्यात राहतात, वय चौतीस. त्यांच्याकडे 2016 सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. चार वर्षांपूर्वी पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा ती 51,000 किलोमीटर चालली होती, आज आकडा 92,000 वर गेलाय. महिन्यातून दोनदा ताम्हिणी घाटातून माणगावकडच्या गावी जाणं होतं. येताना बरेचदा आई सोबत, मागच्या सीटवर असतात, त्यांना मानेचा आणि कमरेचा त्रास आहे. गेल्या वर्षभरात गाडी वळणांवर जास्त झुकायला लागली आहे, एक्सप्रेसवेवर उंचवटा आला की नंतर थोडा वेळ तरंगते, आणि खराब रस्त्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक-टक' येते. मित्राने त्याच्या गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे एकत्र जोड, बसवलेत. ती चालवून पाहिल्यापासून यांना स्वतःची गाडी बैलगाडीसारखी वाटते. गॅरेजने कॉइलओव्हरचे, बसवण्यासकट, 1,40,000 रुपये सांगितलेत. ते जड वाटत असतील तर नुसत्या लोअरिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या कडक, स्प्रिंगा टाका, 32,000 मध्ये काम होईल, असंही सुचवलंय. पत्नीचं म्हणणं, जुन्या गाडीत एवढा पैसा ओतण्यापेक्षा ती विकून टाकावी. ते विचारतात: "कंपनीचं सस्पेन्शन मुळातच लेचंपेचं आहे, हे मला पटलंय. कॉइलओव्हर घेऊ की स्प्रिंगा, एवढंच सांगा."

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा आईंसाठी. पत्राच्या शेवटी तुम्ही दोनच पर्याय ठेवलेत, पण त्याआधी एक वाक्य आहे, ते मला तसंच पुढे जाऊ देता येत नाही. कंपनीचं सस्पेन्शन लेचंपेचं आहे, असं तुम्ही म्हणता. तुम्ही ते कधी चालवलंय का?

गाडी तुमच्या हातात आली तेव्हाच ती 51,000 किलोमीटर चाललेली होती. चाकण कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी पहिल्या वर्षी कशी चालायची, हे तुम्हाला माहीत असायचं कारणच नाही. आज तुम्ही ज्याला 'कंपनीचं सस्पेन्शन' म्हणताय ते नऊ वर्षं जुनं रबर, नऊ वर्षं जुनं तेल आणि 92,000 किलोमीटर खड्डे खाल्लेले शॉकअप आहेत. मित्राच्या गाडीतले भाग बहुधा काही महिन्यांचे असतील. तुम्ही एका दुपारी एक गाडी सोडून दुसरीत बसलात आणि फरक जाणवला. तो फरक खराच आहे. पण त्यातला किती कॉइलओव्हरचा आणि किती निव्वळ नवेपणाचा, हे त्या दुपारी कळणं शक्य नव्हतं. त्याच मित्राच्या गाडीला चार नवे कंपनीचे शॉकअप बसवले असते, तरीही उतरताना तुम्ही 'वा' म्हणाला असता, असं मला वाटतं.

शॉकअप एका दिवसात मरत नाही, म्हणून हा गोंधळ होतो. आत तेल असतं, त्यात पिस्टन खालीवर होतो, पिस्टनमधल्या बारीक झडपांतून तेल जोर लावून जातं आणि चाकाची हालचाल उष्णतेत बदलते. झडपा झिजतात, तेलाचा कस जातो, सील थोडं थोडं सोडतं. हे सगळं इतकं हळू होतं की चालवणाऱ्याचा हात रोज नकळत जुळवून घेतो. एक दिवस दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर डोळे उघडतात आणि आपण सगळा दोष कंपनीला देतो.

आता तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या पाहू, कारण त्या एकाच दुखण्याच्या नाहीत.

उंचवट्यानंतर गाडी तरंगते, ही शॉकअपची तक्रार. स्प्रिंग दबली की तिला परत उसळायचं असतं आणि तिला थोपवण्याचं काम शॉकअपचं. चांगल्या अवस्थेतली गाडी उंचवट्यावरून उतरली की एकदा दबते, वर येते आणि जागेवर बसते. तुमची गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हलत असेल तर शॉकअप गेलेत असं समजा. बॉनेटवर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडायची जुनी रीत आहे, पण त्यावर फार विसंबू नका. अगदी मेलेला शॉकअप तेवढ्याने पकडला जातो, अर्धमेला नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या नक्षीवर, ठरावीक अंतराने खळगे पडल्यासारखे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं, उड्या मारत होतं. मग गाडी लिफ्टवर घेऊन शॉकअपचा दांडा बघा. तेलाचा हलका ओलसरपणा असेल तर एवढ्यात घाबरू नका, पण तेल ओघळून त्यावर धुळीचा चिकट थर बसला असेल तर तो बदलायचाच.

'टक-टक' ही बहुतेक वेळा शॉकअपची तक्रार नसतेच. एका बाजूने, कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर आवाज येतो म्हणजे पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे झुकणं आवरणाऱ्या आडव्या अँटी-रोल बारला चाकाशी जोडणाऱ्या छोट्या दांड्यावर. त्यानंतर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे, रबरी बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या उभ्या जोडाच्या) डोक्यावरचं माउंट. लिंक रॉड हा गाडीच्या मानाने स्वस्त भाग आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. तुम्ही कॉइलओव्हर बसवाल, जुना लिंक रॉड तसाच राहील, आणि 1,40,000 खर्चून 'टक-टक' तिथेच असेल. असं झालेले लोक मी पाहिलेत. मग त्यांना नव्या वस्तूवर शंका येते आणि गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात.

राहिलं झुकणं. इथे मला जरा जास्त वेळ द्यायचाय, कारण लोअरिंगच्या बाजाराचा बराच भाग या एका शब्दावर उभा आहे.

गाडी झुकली म्हणजे पकड सुटली, असं आपलं शरीर आपल्याला सांगतं. ते तितकंसं खरं नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे आणि तुम्ही वळण किती वेगाने घेताय. स्प्रिंग कडक केली की गाडी कमी झुकते, पण सरकणारं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. कडक स्प्रिंग किंवा जाड अँटी-रोल बार यांनी बदलते ती पुढच्या आणि मागच्या चाकांतली वाटणी, आणि वजन सरकण्याचा वेग. सपाट, गुळगुळीत ट्रॅकवर या वाटणीशी खेळून वेळ कमी करता येतो. ताम्हिणीत वळणाच्या मध्येच खडी पसरलेली असते, पावसाळ्यात शेवाळ असतं, एका बाजूला डांबर खचलेलं असतं. तिथे पकड म्हणजे चाक रस्त्याला चिकटून राहणं. त्यासाठी चाकाला वर जायला जागा हवी आणि खाली परत यायला वेळ हवा.

लोअरिंग स्प्रिंग नेमकी ही जागा खाते. गाडी तीस मिलिमीटर खाली बसवली म्हणजे चाकाचा वर जायचा प्रवास तेवढा कमी झाला. पुढे बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा रबरी ठोकळा, लवकर लागतो. तो लागला की त्या क्षणी तुमच्या गाडीला सस्पेन्शन उरत नाही. शिवाय पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. ही मांडणी खाली दाबली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणाम असा की बसक्या गाडीला झुकवणारा जोर कधीकधी वाढतो, आणि तो आवरायला स्प्रिंग आणखी कडक घ्यावी लागते. दिसायला गाडी ऐटदार होते, हे मी नाकारत नाही. आणि भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. युरोपातल्या स्प्रिंगांच्या खोक्यावर छापलेले 'तीस मिलिमीटर' तुमच्या गाडीवर तीसच भरतील असं धरून चालू नका.

जुन्या शॉकअपवर नव्या लोअरिंग स्प्रिंगा, हा 32,000 चा पर्याय मी तुमच्यासाठी पूर्ण बाद धरतो. थकलेल्या शॉकअपला आधीची मऊ स्प्रिंग आवरत नाही, त्याला जास्त कडक स्प्रिंग द्यायची आणि वर त्याचा प्रवासही आखडायचा, हे कोणत्याच बाजूने बरोबर बसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माझ्या हॅचबॅकला अशाच स्प्रिंगा लावल्या होत्या. शहरात मजा वाटायची. मग वडिलांना घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला निघालो. उतरताना एका डाव्या वळणात खड्डा आला, फार मोठाही नव्हता. मागचं चाक बंप स्टॉपवर आदळलं आणि गाडीची मागची बाजू जवळजवळ अर्धी लेन बाजूला उडाली. समोरून तेव्हा काही आलं नाही. वडील काहीच बोलले नाहीत. साखरप्याला चहा घेताना फक्त म्हणाले, "पुढच्या खेपेला मी एसटीने येईन." त्या महिन्यात मी स्प्रिंगा काढल्या. तुमच्या पत्रात आई मागच्या सीटवर बसतात हे वाचलं तेव्हा मला तो चहा आठवला.

आईंच्या त्रासाचा गाडीशी थेट संबंध आहे. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या दिशेने साधारण 4 ते 8 हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत हळवं असतं, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकावे. म्हणूनच रोजच्या वापराच्या गाड्यांच्या स्प्रिंगा मऊ ठेवतात. गाडीचं धड साधारण 1 ते 1.5 हर्ट्झला हलतं आणि त्या हळव्या पट्ट्यापासून लांब राहतं. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही फार कडक केले की रस्त्याचे बारीक धक्के गाळले न जाता सीटपर्यंत पोचतात, आणि त्या पट्ट्यातले धक्के मानेला नि कमरेला सगळ्यात आधी कळतात. तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असता, पुढचा खड्डा तुम्हाला दिसतो, शरीर तयार असतं. मागे बसलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. त्यातून पोलोला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं एका आडव्या बीमने जोडलेली, आणि मागची सीट त्या बीमच्या जवळ. नवं काही बसवायच्या आधी, येत्या फेरीलाच आईंना पुढच्या सीटवर बसवा. गाडीच्या मधोमध असलेल्या माणसाला हेलकावे कमी लागतात. याला एक रुपया लागत नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आधी गाडी होती तशी करा, दोन-तीन महिने चालवा, आणि मग कॉइलओव्हरचा विचार मनात उरलाय का ते बघा.

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षांचा टायर ट्रेड शिल्लक असूनही दगडासारखा कडक झालेला असतो, आणि वळणावर जो अविश्वास वाटतो त्यात त्याचा वाटा मोठा असतो. हवा गाडी थंड असताना तपासा, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट 35 भरतो, ते चालू देऊ नका. तुमच्या गाडीत 105 पीएसचं इंजिन आहे आणि 175 न्यूटन-मीटरचा जोर बराच खालून मिळतो. तो सगळा पुढच्या दोन टायरांतून रस्त्यावर जातो. पैसे कुठे आधी लावायचे असं कोणी विचारलं तर मी नेहमी चांगले टायर म्हणतो, आणि हे उत्तर मी अजून बदललेलं नाही.

मग एखाद्या अशा गॅरेजमध्ये जा जिथे विकायला कॉइलओव्हर ठेवलेले नाहीत. तिथे फक्त तपासणीचे पैसे द्या आणि लेखी यादी मागा. तुमच्या गाडीच्या वयाला त्या यादीत बहुधा हे येईल: चारही शॉकअप, पुढची दोन माउंट आणि त्यांची बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ अडवणारी कव्हरं, लोअर आर्मचे बुश, दोन्ही लिंक रॉड. स्प्रिंगा सहसा टिकलेल्या असतात. तरी चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, डावी-उजवी सारखी भरते का बघा. एक बाजू ठळक बसलेली असेल किंवा खालचा वेढा तुटलेला असेल, तरच स्प्रिंग बदला, आणि तीही जोडीने. शॉकअपही जोडीनेच बदलायचे. ही सगळी यादी चांगल्या प्रतीच्या भागांनी केली तरी तुम्हाला सांगितलेल्या 1,40,000 च्या बरंच आत बसायला हवी. दोन ठिकाणचे लेखी आकडे घ्या.

इथे मधला एक रस्ताही आहे, आणि तुमच्या जागी मी असतो तर त्याचा विचार केला असता. स्प्रिंगा आणि उंची कंपनीची तशीच ठेवायची आणि शॉकअप तेवढे वरच्या प्रतीचे घ्यायचे. बिल्स्टाइन या शॉकअप कंपनीची बी4 ही कंपनीच्या मूळ शॉकअपच्या जागी बसणारी, तशाच स्वभावाची मालिका आहे. बी6 ही मूळ उंचीच्या स्प्रिंगांवर बसणारी पण जास्त ताठ. बी8 हा आखूड दांड्याचा, बसक्या स्प्रिंगांसाठी केलेला, तो तुम्हाला नको. कोनी या दुसऱ्या कंपनीच्या स्पेशल ॲक्टिव्ह मालिकेतली झडप बारीक, झपझप धक्क्यांना मऊ राहते आणि गाडीच्या धडाच्या सावकाश हेलकाव्यांना ताठ होते. तुमच्यासारख्या, घाटही आवडतो आणि आईही सोबत आहेत अशा माणसाला ही कल्पना मला जास्त जवळची वाटते. बी6 उत्तम वस्तू आहे, पण पिरंगुट-पौडच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्याला ती ताठ लागेल. कोणताही घ्या, मागवण्यापूर्वी तुमच्या गाडीच्या चॅसी क्रमांकावरून तो बसतो याची लेखी खात्री विक्रेत्याकडून घ्या. पोलोच्या एकाच नावाखाली बऱ्याच आवृत्त्या आहेत आणि स्ट्रटची जाडी, पुढच्या ॲक्सलचं वजन यांवर भाग बदलतो.

कॉइलओव्हर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. जो माणूस वर्षातून काही वेळा कोइंबतूरच्या करी ट्रॅकला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गाडी घेऊन जातो, चारही कोपऱ्यांचं वजन मोजून उंची लावतो, त्याच्यासाठी ते खरं अवजार आहे. तुम्ही कोकणात जाता. खारी हवा, चार महिने पाऊस, घाटातला लाल चिखल. कॉइलओव्हरचे उघडे आटे वेळोवेळी धुऊन-पुसून ठेवले नाहीत तर दोन पावसाळ्यांत जाम होतात, आणि उंची कमी-जास्त करायच्या सोयीचे पैसे देऊन ती सोयच हातातून जाते. मागे जाड अँटी-रोल बार टाका, गाडी वळणात चटकन वळेल, असंही कोणी सुचवेल. वळेल, खरंच वळेल. पण पकड मागून आधी सुटायचा कल वाढतो आणि जुलैतल्या ताम्हिणीत तो मला नको. पॉलियुरेथेनचे बुश रोजच्या गाडीत कंपनं आणि करकर वाढवतात. लोअर आर्मला साधं, चांगलं रबरच बसवा.

बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा, कारण ती घाईत हटकून चुकते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पक्के आवळायचे नसतात. चाकांवर वजन आल्यावर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. शॉकअपच्या डोक्यावरची नट एअर गनने फिरवू देऊ नका, आतला दांडा फिरून सील खराब होतं. फोक्सवॅगन काही बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून सांगते, ते नवे घ्या. जुने भाग गाडीत ठेवून द्यायला सांगा, म्हणजे खरंच बदलले का हे कळतं. शेवटी व्हील अलाइनमेंट, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असे बदल मालकाला करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या नव्याने बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडी खाली बसवणं हा वादाचा विषय होऊ शकतो, आणि वाद बहुधा अपघातानंतर, विम्याच्या टेबलावर निघतो. तसं काही करणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

तुमच्या पत्नीचं म्हणणंही मी बाजूला ठेवणार नाही. एका बाबतीत त्यांचं पूर्ण बरोबर आहे: विकताना कॉइलओव्हरचे पैसे परत येत नाहीत, उलट बदललेली गाडी बघून गिऱ्हाईक बिचकतं. पण नीट दुरुस्त केलेलं सस्पेन्शन, बिलांसकट, गाडी ठेवलीत तरी कामाचं आणि विकलीत तरी कामाचं. गाडी विकावी का, याचा हिशेब करताना इंजिन आणि डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची तपासणी आधी करून घ्या. गिअरबॉक्सचंच मोठं काम डोक्यावर असेल तर शॉकअपवर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि तो निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आहे. गाडी निरोगी निघाली तर तिच्यावर प्रेम करायला तुम्हाला कोणाची परवानगी लागू नये. 2022 मध्ये पोलो इथे बनायची थांबली. अशी छोटी, घट्ट, जीव लावून चालवावी अशी हॅचबॅक आज त्या किमतीत शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. तुम्हाला ती सोडवत नाही, हे मला पूर्ण कळतं.

या सदराच्या इतर वाचकांपैकी कोणाकडे नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हिया असेल, गाडी वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आत असेल, तर तुम्ही आत्ता काहीच करू नका. वॉरंटी आहे, भाग ताजे आहेत. ज्यांच्या गाडीत बटणाने कडक-मऊ होणारे इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत त्यांनी साधे कॉइलओव्हर लावायच्या आधी विचारून घ्यावं, कारण मीटरवर इशारे लागतात आणि ते दाबून टाकायला आणखी जोडणी करावी लागते. आणि ज्यांची गाडी पन्नास-साठ हजार ओलांडलेली आहे, त्यांनी स्वतःच्या तक्रारी कागदावर वेगवेगळ्या लिहाव्यात, म्हणजे तरंगणं, आवाज, झुकणं, एका बाजूला ओढणं, टायर आतून झिजणं. मेकॅनिकला "सस्पेन्शन बघ" म्हटलं की तो सगळं बदलायला सांगतो. "डाव्या पुढच्या चाकाकडून वीसच्या वेगात आवाज येतो" म्हटलं की तो तिथे बघतो.

काम झालं की पहिले चार-पाचशे किलोमीटर नव्या भागांना बसू द्या, लगेच मत बनवू नका. मग पौडपासून विळ्यापर्यंत तोच रस्ता, त्याच वेगाने, एकदा एकट्याने आणि एकदा आईंना घेऊन चालवा. एकट्याने चालवाल तेव्हा वळणाच्या मध्ये खड्डा आल्यावर गाडीची मागची बाजू काय करते तिकडे लक्ष द्या. आईंना घेऊन जाल तेव्हा मुळशीच्या धरणाशी थांबून त्यांना विचारा, मान कशी आहे. त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.